शेवटच्या ओढीचे वाटे

“जिकलाव आमी. मगे हे वाटे तेंचे कित्याक?”

लतेश कुबल वाळूत पाय रोवून उभा होता. बोट खाली रोखलेलं. बोटाखाली, उपड्या घातलेल्या होडीच्या सावलीत, नोटांचे लहान लहान ढीग मांडलेले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून प्रत्येकावर एकेक शिंपली.

आठ ढीग अलीकडे. आठ पलीकडे.

काशीआबाने शेवटच्या ढिगावर शिंपली ठेवली. ती हलत तर नाही ना, हे बोट लावून पाहिलं. मान काही वर केली नाही.

“तेंचे म्हणजे कोणाचे?”

“माडवाडीचे! हरले ते!”

“व्हय तर. हरले. मी बघलंय.”

...

काशीआबा शेलवाडीच्या रापणीचा म्होरक्या. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. पहाटे होडी ते घेऊन समुद्रात अर्धा फेरा मारते, जाळ्याच्या दोन टोकांचे दोन दोर वाळूवर आणून देते आणि मग माणसं दोन रांगा करून ओढत सुटतात. जाळं किनाऱ्याला लागलं की आबा मासळीचे वाटे घालतो. नियम एकच, आणि तो कुठे लिहून ठेवलेला नाही. दोराला ज्याचा हात लागला, त्याला वाटा. मग तो गावचा असो, पाहुणा असो, नाहीतर पत्ता विचारायला आलेला पोस्टमन असो.

आबा काही संत नव्हता. होड्यांना इंजिनं लागली तेव्हा म्हणाला, आवाजाने मासे बहिरे होतील. बर्फाचा कारखाना आला तेव्हा म्हणाला, मासे गारठून मरतील. ते आधीच मेलेले असतात, एवढं सांगायची गावात कुणाची छाती झाली नाही. म्हातारा माणूस जोरात बोलला की त्याला अनुभव म्हणायचं, अशी आपल्याकडे रीतच आहे. पण वाटे घालताना या माणसाचा हात कधी डावा-उजवा झाला नव्हता. तेवढ्या एका गोष्टीसाठी अख्खी शेलवाडी त्याचं बाकीचं सगळं ऐकून घ्यायची.

आणि त्या गोष्टीपायीच आज लतेशची पंचाईत झाली होती.

आदल्या संध्याकाळी तालुक्याच्या महोत्सवात रस्सीखेचीचा शेवटचा सामना झाला. इकडून शेलवाडी, तिकडून खाडीपलीकडची माडवाडी. लतेश शेलवाडीचा शेवटचा गडी, दोर कमरेला गुंडाळून मागे रेलणारा. समोरच्या टोकाला तसाच कमरेला दोर घेतलेला बस्त्याव डिसोजा, अंगाने म्हणजे चालता-बोलता नांगर. बराच वेळ दोर ना इकडे हलेना, ना तिकडे. ओरडून ओरडून लोकांचे गळे बसले, तरी दोर जागच्या जागी. शेवटी माडवाडीचा एक पाय सरकला आणि शेलवाडी जिंकली.

कमिटीच्या अध्यक्षांनी भाषण केलं. आपल्या काळात तरुण कसे असायचे, ते सांगितलं. आपल्या काळात दूध कसं असायचं, तेही सांगितलं. दम लागून काळेनिळे पडलेले सोळा जण ते ऐकत उभे राहिले. मग दाराएवढा पुठ्ठ्याचा चेक फोटोपुरता हातात दिला आणि खरं बक्षीस पाकिटात.

हे पाकीट लतेशला हवं होतं. बाजारातल्या मेकॅनिककडे होडीला लावायचं एक जुनं इंजिन विकायला होतं. लतेशने डिप्लोमा अर्ध्यावर सोडला होता. त्याला कंटाळा आला होता दोराचा, पहाटेचा, म्हाताऱ्यांच्या खोकल्याचा. स्वतःची होडी दुरुस्त करून ठेवली होती, फक्त इंजिन नव्हतं. टीममधल्या सातही जणांनी सांगितलं होतं, आमचे वाटे तू वापर, हंगाम संपला की दे. सगळं पाकीट म्हणजे बरोब्बर एक इंजिन. मेकॅनिकने आज दुपारपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं. दुसरंही गिऱ्हाईक आहे, असं तो म्हणत होता. पण मेकॅनिक लोकांचं दुसरं गिऱ्हाईक नेहमीच असतं.

तर सकाळची रापण ओढून झाल्यावर लतेशने पाकीट आशीर्वादासाठी आबाच्या हातात ठेवलं.

इथे तो चुकला. दोरावर मिळालेली चीज आबाच्या हातात गेली की तिचे वाटे पडतात. आबाने पाकीट उघडलं, सवयीने नाकाशी नेऊन वास घेतला आणि मांडी ठोकून ढीग घालायला बसला.

सुरुवातीला लतेशला मजा वाटली. कारण वास तीन म्हाताऱ्यांनाही लागला होता. एक देवळाच्या पत्र्यांसाठी मागायला आला. एक मंडळाच्या रंगासाठी. तिसरा गावाचं नाव झालं म्हणून गावाच्या नावाने. आबाने तिघांनाही एकच विचारलं, “दोराक हात लावलेलास?” पहिला म्हणाला, देवाच्या कृपेने तर जिंकले. आबा म्हणाला, “देव खंयच्या नंबराक उभो होतो?” तिघे आले तसे गेले. लतेश पोट धरून हसला.

आता तोच नियम त्याच्या नरडीला आला होता.

“दोर तेंनी पण ओढल्यानी,” आबा म्हणाला.

“उलट्या बाजून ओढल्यानी!”

“रापणीक दोर किती?”

“दोन. ता काय हय?”

“दोन बाजूंनी ओढतंव मां?”

“रापण वेगळी, रस्सीखेच वेगळी! रापणीत दोघांचा जाळा एक!”

“आणि काल दोर किती होते?”

दोर एकच होता.

...

“आबा, बक्षीस म्हणजे काय, ता तरी ठावक आसा तुमका?”

“नाय. तू शिकललो. सांग.”

लतेशने फोन काढला. पण वाचायची गरज नव्हती. हे त्याने रात्रीच वाचून ठेवलं होतं आणि कधी एकदा कुणाला सांगतो असं त्याला झालं होतं.

“पयल्या काळात समुद्रार लढायो होयत. दुसऱ्याचा जहाज पकडीत, बंदरात हाडीत, मालासकट विकीत. पैसो येय तो जिकलेले खलाशी वाटून घेत. कप्तानाक मोठो वाटो, खलाश्याक बारको. बक्षिसाचे पैसे म्हणतत ते हे. मूळ तेचा ह्या आसा. लूट! हरलेल्याक हातात पैसे कोणी दिले नाय, खंयच्याच देशात!”

आबाने हे सगळं नीट ऐकून घेतलं. समुद्राकडे पाहिलं, जणू ते जहाज अजून तिथे असेल.

“जहाज कोणाचा?”

“हरलेल्यांचा.”

“माल?”

“तोय तेंचो.”

“आणि पैसे दुसऱ्यांका.”

“व्हय! तेकाच जिकणा म्हणतत!”

“बरा.” आबाने तंबाखू मळायला घेतली. “मगे काल तू माडवाडीचा काय लुटून हाडलंस?”

...

“लुटून... काय नाय. पैसे कमिटीन दिल्यान.”

“कमिटीकडे खयसून इले?”

“आसत तेंचे.”

“तो अध्यक्ष? तो घरी इलेल्याक पाणी पाजताना पण अर्धो पेलो भरता. तो तुका पैसे दितलो?”

शेवंतीकाकी जरा पलीकडे आपल्या वाट्याचे बांगडे टोपलीत भरत होती. ती फिसकन हसली. अध्यक्ष तिचा दीर लागत होता.

“एंट्री फी घेतल्यानी,” लतेश म्हणाला. “हर टीमकडसून.”

“माडवाडीन भरलेली?”

“...भरलेली.”

“हां.”

लतेशला वाटलं, आता सुटायची एकच वाट आहे. त्याने आवाज चढवला.

“मगे सगळ्याच टीमींका दिया! सगळ्यांनी फी भरल्यानी! अख्ख्या तालुक्याक बोलवा नी वाटा!”

आबाचा तंबाखू मळणारा अंगठा थांबला. तो विचारात पडला. खरोखरच विचारात पडला. त्याची नजर ढिगांवरून फिरू लागली आणि ओठ पुटपुटू लागले.

लतेशला दरदरून घाम फुटला.

“नाय,” आबा शेवटी म्हणाला. “ते आदीच घराक गेले. शेवटच्या ओढीक तेंचो हात नव्हतो.”

लतेशचा जीव भांड्यात पडला. पण सोळाचे आठ काही झाले नाहीत.

“आबा, माडवाडी ती. तुमच्या पिढीन जाळ्याच्या हद्दीवरसून भांडाण केल्यानी, नी आमका बारशाक भेट दिल्यात. आमी तेंच्याशी बोलणव नाय. आणि पयली शिवी तेंका तुमीच घातलेली. अख्खो गाव सांगता.”

“व्हय. तवा दात होते.”

शेवंतीकाकी आता उघड हसू लागली. लतेशने तिच्याकडे डोळे वटारून पाहिलं.

“तू गप गो काकी.”

“मी कित्याक गप? माझो वाटो माका गावलो. बांगडे बरे आसत.”

आबा म्हणाला, “बांगड्यांवरसून आठवला. सकाळी त्या फोटोवाल्या पावण्याक बांगडे कोणी दिले?”

सकाळी एका पर्यटकाने बायकोकडून फोटो काढून घ्यायला दोर धरला होता. ओढत कसला होता, लोंबकळत होता. जाळं आल्यावर लतेशनेच त्याच्या पिशवीत बांगडे टाकले होते. विचारसुद्धा केला नव्हता. हात आपोआप गेला होता.

“ते बांगडे होते,” तो म्हणाला. “हे पैसे आसत.”

“ता खरा,” आबा म्हणाला. “पैसे बांगड्यांसारखे कुसनत नाय. म्हणान माणसाक ते ठेवचेसे वाटतत.”

...

मग आबा गुडघ्यावर हात ठेवून उठला. रापणीचा ओला दोर वाळूत वेटोळं करून पडला होता. त्याने एक टोक उचलून लतेशकडे फेकलं.

“कमरेक बांध. काल बांधललंस तसो.”

“कित्याक?”

“माझ्यावांगडा खेच. माका ओढून हाडलंस तर सगळा तुझा.”

लतेशने त्याच्याकडे नीट पाहिलं. म्हाताऱ्याच्या पोटऱ्या म्हणजे सुकवलेले बोंबील.

“आबा, मरशात.”

“मेलंय तर एक दिवस रापण बंद ठेव. जास्त नको.”

शेवंतीकाकीने टोपली खाली ठेवली. असा तमाशा रोज बघायला मिळत नाही. जाळं सांधत बसलेले दोघे-तिघेही उठून आले.

लतेशने दोर कमरेला गुंडाळला. कालची कातडी सोललेली होती. तिथेच दोर बसला आणि खारं पाणी झोंबलं. आबाने दुसरं टोक हातात धरलं, टाच वाळूत रुतवली आणि मागे रेलला. दोर ताणला गेला.

नवल म्हणजे, म्हातारा हलेना. लतेशने थोडा जोर लावला. मग जास्त. मग, सगळे बघताहेत म्हटल्यावर, दात-ओठ खाऊन सगळा.

आबाने दोर सोडला.

लतेश असा पाठीवर आपटला की पायातली एक चप्पल उडून होडीच्या पलीकडे गेली. डोळ्यांत वाळू, तोंडात वाळू, वर आभाळ. कुणीतरी ओरडलं. मग सगळेच हसू लागले.

“अगो बाये,” शेवंतीकाकी म्हणाली, “माडाचो खोड पडलो काय?”

आबा हात झटकत आला आणि त्याच्या डोक्याशी उभा राहिला.

“जिकलंस.”

“असा कसा? तुमी सोडलास!”

“सोडलंय. म्हणानच जिकलंस.”

एवढं बोलून तो होडीपाशी गेला. एकेक शिंपली बाजूला केली. सोळाही ढीग गोळा केले, पाकिटात कोंबले आणि पाकीट आडव्या पडलेल्या लतेशच्या छातीवर ठेवलं.

“घे. सगळा तुझा.”

आणि जाऊन पुठ्ठ्याच्या चेकवर आडवा झाला. तो दाराएवढा चेक त्याने सकाळपासून चटईसारखा अंथरून ठेवला होता.

...

लतेश बाजाराच्या वाटेला लागला.

पाकीट खिशात होतं. सगळंच्या सगळं. कुणी हिसकावलं नव्हतं, कुणी अडवलं नव्हतं. आबाने स्वतःच्या हाताने दिलं होतं. मेकॅनिकने सांगितलेली दुपार अजून व्हायची होती. सगळं त्याच्या मनासारखं झालं होतं.

फक्त पाठ दुखत होती.

काल जिंकला तेव्हा पाठ दुखली नव्हती. काल कमर सोलली, हात सोलले, पण पडला तेव्हा तो आपल्या माणसांच्या अंगावर पडला होता आणि सगळे ओरडत होते. आज पडला तर नुसता पडला.

पिंपळाच्या फाट्यावर वाट दुभंगते. डावीकडे बाजार, उजवीकडे खाडीपलीकडे नेणाऱ्या तरीचा धक्का. तिथे तो थांबला. हात कमरेवरच्या चट्ट्याकडे गेला. दोर आता नव्हता, पण पलीकडून कुणीतरी अजून ताणून धरल्यासारखं होत होतं. काल त्या शेवटच्या सामन्यात त्याचे डोळे मिटलेले होते. समोर काही दिसत नव्हतं. दोरातून एवढंच कळत होतं की तिकडे एक माणूस आहे आणि तो सोडत नाही.

लतेशने म्हाताऱ्याला एक शिवी घातली. मोठ्याने. झाडावरचा कावळा उडाला.

मग तो उजवीकडे वळला.

...

माडवाडीच्या किनाऱ्यावर बस्त्याव डिसोजा माडाच्या बुंध्याला टेकून जाळं विणत बसला होता. दोन्ही तळहातांना खोबरेल फासलेलं. लतेशला तरीतून उतरताना पाहिलं तशी त्याची सुई थांबली.

“शेलवाडीचो? वाट चुकलंस काय?”

“नाय.”

“काल नाचलास ता कमी पडला? हय नाचूक इलंस?”

लतेशने पाकिटातले अर्धे पैसे वेगळे केले आणि जाळ्यावर ठेवले. वाऱ्याने उडू नयेत म्हणून आजूबाजूला पाहिलं, एक शिंपली उचलली आणि वर ठेवली.

बस्त्यावने सुईच्या टोकाने शिंपली जरा उचकली.

“ह्या काय?”

“वाटे. तुमच्या आठ जणांचे.”

“आमका भीक नको.”

“भीक नाय. दोर तुमी पण ओढलास.”

“हरलाव आमी!”

“व्हय तर,” लतेश म्हणाला. “मी बघलंय.”

आपण हे कुणासारखं बोललो ते त्याच्या लक्षात आलं आणि त्याला स्वतःचाच राग आला.

...

बस्त्याव उठला. लतेशला वाटलं, आता हा मारतो. तशी त्याने मनाची तयारीही केली. पण बस्त्यावने बनियन वर केलं. कमरेभोवती लाल चट्टा, दोराच्या पिळासकट उठलेला.

लतेशने आपला शर्ट वर केला.

तोच चट्टा. तेवढाच रुंद. त्याच जागी.

“रात्रभर निजलंय नाय,” बस्त्याव म्हणाला.

“मी पण.”

“तू जिकललंस रे! तू निजाचा!”

“कुशीर होवक येयना तर निजतलंय कसो?”

बस्त्याव हसला. हसताना कमर दुखली, म्हणून कण्हला, आणि कण्हता कण्हता परत हसला. त्याने खोबरेलाची बाटली पुढे केली. दोघे शर्ट वर करून, शेजारी शेजारी, चट्ट्याला तेल लावत बसले. खाडीच्या त्या तीरावरून कुणी म्हाताऱ्याने पाहिलं असतं तर गावसभा भरली असती.

तेवढ्यात बस्त्यावचा फोन वाजला. हात तेलकट, म्हणून त्याने तो कोपराने चालू केला आणि आवाज सगळ्या माडवाडीला ऐकू गेला.

“बस्त्याव, तो गिऱ्हाईक काय इलो नाय. दुपार झाली. इंजिन तुका होया तर आत्ता ये.”

आवाज बाजारातल्या मेकॅनिकचा होता.

बस्त्यावचं तोंड पडलं. “पैसे खय आसत? काल जिकलंय आसतंय तर...”

तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर शिंपलीखालच्या पैशांवर गेली.

लतेशने खिशातून उरलेलं पाकीट काढलं. तो गिऱ्हाईक मीच, असं म्हणाला नाही. म्हणायची गरजच पडली नाही. दोघांनी आधी एकमेकांकडे पाहिलं, मग त्या अर्ध्याकडे, मग या अर्ध्याकडे.

“आमच्या पोरांनी सांगलेल्यानी,” बस्त्याव हळूच म्हणाला, “जिकलाव तर वाटे तुका इंजिनाक.”

“आमच्याय पोरांनी.”

“हॅलो?” मेकॅनिक ओरडत होता. “हॅलो? येतंस काय नाय?”

“येताव,” बस्त्याव म्हणाला. “दोघा येताव.”

...

इंजिन आलं, आणि भांडण सुरू झालं.

बाजारातून शेलवाडीच्या किनाऱ्यापर्यंत ते इंजिन दोघांनी काठीला बांधून खांद्यावरून आणलं आणि वाटभर भांडले. रात्री ते कुठल्या वाडीत ठेवायचं? पहिल्यांदा कुणाच्या होडीला लावायचं? बिघडलं तर कुणी नीट करायचं? लतेश म्हणे, डिप्लोमा मी केलाय. बस्त्याव म्हणे, अर्धवट केलायस, म्हणून तर हात लावायचा नाही. शेलवाडीचे तीन म्हातारे सल्ला द्यायला हजर झाले. माडवाडीचे दोन तरीतून खास त्यासाठी आले. ही माणसं एकमेकांशी बोलत नसत. आता एकमेकांवर ओरडत होती, म्हणजे म्हटलं तर सुधारणाच होती. एक म्हणाला, इंजिनावर शेलवाडीच्या देवीचं नाव घाला. दुसरा म्हणाला, माडवाडीच्या चर्चमधल्या सायबिणीचं, मेरीमातेचं. तिसऱ्याने विचारलं, उद्घाटनाला अध्यक्षांना कधी बोलवायचं?

“कोणाक बोलवूचा नाय!” लतेश आणि बस्त्याव एकदमच ओरडले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांचं एकमत झालं होतं.

शेवंतीकाकीने खरपूस तळलेल्या बांगड्यांची ताटली आणून होडीवर ठेवली. खाताना जरा शांतता झाली. मग काटे चोखून झाले आणि भांडण परत जिथल्या तिथे.

“आबाक विचारूया,” शेवटी लतेश म्हणाला.

बस्त्यावने मान डोलावली. वाट्यांच्या बाबतीत काशीआबाचा हात सरळ, हे माडवाडीलाही माहीत होतं. शिव्या घालतानाही ते एवढं कबूल करायचे.

आबा उपड्या होडीच्या सावलीत, पुठ्ठ्याच्या चेकवर झोपला होता. अध्यक्षांची मोठी सही त्याच्या टाचांखाली आली होती. भरती लागायला लागली होती. वारा छान सुटला होता. म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरलेलं की उठवायला जीव होईना.

लतेशने उठवलं.

“आबा. ओ आबा. वाटे घाला.”

आबाने एक डोळा उघडला. समोर वाळूत इंजिन. एका बाजूला लतेश, दुसऱ्या बाजूला बस्त्याव. मागे पाच म्हातारे, पाचांची पाच तोंडं उघडी.

“कसले?”

“अर्धे पैसे माझे, अर्धे तेचे,” लतेश म्हणाला. “आता तुमीच सांगा. इंजिन कोणाचा?”

...

आबाने पडल्या पडल्या मान वळवून इंजिन न्याहाळलं. याच इंजिनांनी मासे बहिरे होणार होते.

“चालू कसा करतत रे ह्या?”

“ही काय, दोरी आसा,” बस्त्याव म्हणाला. त्याने वरच्या मुठीला हात घातला. लतेशचाही हात तिथेच गेला. “ही जोरान ओढूची लागता.”

आबाने डोळा मिटून घेतला आणि कूस बदलली.

“मगे माका कित्याक उठवलास?”